नवाचा ताळा

“तांबट, ताळा बघा,” असं म्हणून कट्टी मास्तरांनी वही माझ्या खाटेवर सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

मी ताळा पाहिला. भाजकाच्या अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणायची, भागाकाराची तशीच आणायची, दोन्हींचा गुणाकार करायचा, त्यात बाकीचा अंक मिळवायचा. शेवटी दोन उरले की भागाकार बरोबर. दोनच का, तर आमचा भाज्य कधी बदलत नव्हता. अकरा वेळा एक, अंकांची बेरीज अकरा, म्हणजे शेवटी दोन. ११,११,११,११,१११. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

“दोन,” मी म्हणालो. मास्तरांनी डोळे न उघडता हुंकार दिला.

अठ्ठावन्न सालचा ऑक्टोबर होता. माळावरचं क्षयाचं आरोग्यधाम, पुरुषांचा दुसरा वॉर्ड. पाच नंबरच्या खाटेवर जतचे गुंडोपंत कट्टी, हायस्कुलात गणिताचे मास्तर, वय अडतीस. सहावर मी, वय तेवीस, जमिनीचे नकाशे उतरवून काढणारा सरकारी ट्रेसर. आकड्यांशी माझा संबंध गुंठ्या-आण्यांपुरता. मला गणिताची गोडी होती असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. मास्तर शेजारी होते, आणि वेळ जाता जात नव्हता, एवढंच.

डॉक्टर उपासनींनी रोग्यांच्या तीन इयत्ता केल्या होत्या : पडता, बसता आणि चालता. मास्तर पडते, मी बसता. पडत्या रोग्यानं कुशीवर वळायचं तेसुद्धा सावकाश. वाचायचं नाही, लिहायचं नाही, डोक्याला त्रास द्यायचा नाही. पण सालोमी सिस्टरनं मास्तरांना दुपारी तीन ते चार एवढा एक तास मोकळा दिला होता. तिचं म्हणणं असं की या माणसाची पेन्सिल काढून घेतली तर तो छतावरच्या कौलांवर गणितं करेल, त्यापेक्षा वही बरी.

त्या संख्येची गोष्ट मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. वर्गात ते एकांच्या संख्या फोडून दाखवत होते. तीन एक लिहिले तर तीन गुणिले सदतीस. पाच एक लिहिले तर एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एक लिहिले तर दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. मुलांना मजा वाटत होती. असं करत दहापर्यंत आले, आणि सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, अकरा एक लिहिले तर फुटतील का? मास्तरांना उत्तर येत नव्हतं. उद्या सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना खोकल्यातून रक्त पडलं आणि ते इकडे आले.

जतच्या शाळेत असलं पुस्तक नव्हतं आणि आरोग्यधामात तर नव्हतंच. मग मास्तरांनी स्वतःच वाट काढली. ही संख्या फुटायचीच असेल तर तिला भाग जाणारी मूळ संख्या बाविसाच्या पाढ्यातल्या कुठल्यातरी आकड्याहून एकानं जास्त असली पाहिजे, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. कसं, ते त्यांनी मला दोनदा समजावलं आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली. शिवाय दोन तुकडे पडले तर त्यांतला एक तरी एक लाख साडेपाच हजारांच्या आतला असणार, त्यामुळे त्याच्या पुढं बघायचं कारण नव्हतं. पावसाळाभर पडल्या पडल्या त्यांनी अशा मूळ संख्यांची यादी केली. जवळजवळ हजार भरल्या. प्रत्येकीनं एकेकदा भागायचं. एकीनंही भाग गेला तर संख्या फुटली, यादी संपेपर्यंत गेला नाही तर संख्या मूळ. एका तासात त्यांचे चार भागाकार व्हायचे. मीही चार करत होतो. यादीतली एक संख्या त्यांची, पुढची माझी. त्यांचा ताळा मी बघायचा, माझा त्यांनी.

इथवर सगळं बरं होतं. रोग्यांना काहीतरी खूळ हवंच. सात नंबरवरचे एक पोलीस हवालदार दिवसभर दोऱ्याच्या गाठी मारून सोडवत बसत. पण मास्तरांनी त्या संख्येला एक गाठ आणखी मारून ठेवली होती, आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती.

त्यांचं डावं फुप्फुस गेलं होतं. इंजेक्शनं आणि गोळ्या झाल्या, उपयोग झाला नाही. आता फासळ्या काढून ते फुप्फुस दाबून बसवायचं, एवढा एकच मार्ग होता. ते ऑपरेशन करणारे सर्जन मुंबईहून वर्षातून दोनदाच यायचे, डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये. डॉक्टर उपासनींनी मास्तरांना माझ्यादेखत सांगितलं, “उजवं अजून स्वच्छ आहे. ते स्वच्छ आहे तोवरच टेबल. एकदा तिकडे डाग दिसला की सर्जन हात लावणार नाहीत.” मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आकड्याचा निकाल लागला की त्याच दिवशी सही करतो. डॉक्टरांना वाटलं, चेष्टा करतायत. मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्या वॉर्डात ऑपरेशनला नेलेला माणूस परत दिसत नसे. जगला तर त्याला पलीकडच्या इमारतीत ठेवत, तिथे आम्हाला जायला बंदी होती. सिस्टर मंडळी काही बोलत नसत. आम्ही गादीकडे बघायचो. नेलेल्या माणसाची गादी दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात पडली तर माणूस आहे. मागच्या खड्ड्यातून धूर आला तर नाही. गेल्या एप्रिलमध्ये मास्तरांच्या समोरच्या खाटेवरचा दस्तगीर नावाचा विणकर ऑपरेशनला गेला. जाताना मास्तरांना म्हणाला होता, आल्यावर मला वर्गमूळ शिकवा. दुसऱ्या दिवशी सकाळी धूर आला. वारा वॉर्डाकडे होता. कापूस जळायला फार वेळ लागतो आणि त्याचा वास ओल्या केसांसारखा येतो. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

नोव्हेंबरमध्ये कुणा दानशूर माणसानं वॉर्डाला कॅरमबोर्ड दिला. बसत्या रोग्यांना व्हरांड्यात जाऊन खेळायची परवानगी मिळाली, दुपारी तीन ते चार. मी दुपारी तिकडे जाऊ लागलो. माझे भागाकार सकाळीच उरकलेत असं मी मास्तरांना सांगितलं आणि वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकेक ओळ बोटानं पाहत ताळा बघितला. मग वही मिटून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“ताप आहे का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. आठवड्याभरात त्या कॅरमचा स्ट्रायकर हरवला आणि मी पुन्हा तीन वाजता त्यांच्या शेजारी बसू लागलो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर्जन आले. त्याच दिवशी जतहून मास्तरांच्या पत्नी आल्या, अंबूवहिनी. सोबत वहिनींचे थोरले भाऊ नारायणराव, कापडदुकानदार, बोलायला फटकळ. दोघांनी संमतीच्या कागदावर नातेवाइकांच्या जागी सह्याही करून ठेवल्या होत्या. रोग्याची तेवढी राहिली होती. आम्ही तेव्हा सदतीस हजारांच्या आसपास पोचलो होतो आणि यादीतले सहाशेच्या वर भाजक बाकी होते. मास्तरांनी कागद वाचला, घडी केली आणि वहिनींना परत दिला. एप्रिलमध्ये, म्हणाले. तोवर यादी संपते.

नारायणराव मास्तरांच्या तोंडावर काही बोलले नाहीत, उठून व्हरांड्यात गेले. तिथे मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आकडा कसला नि बिकडा कसला. मेहुणे भ्यालेत. सरळ सांगावं की भ्यालो म्हणून.”

वहिनींची मान खाली गेली. मास्तर छताकडे पाहत होते. त्यांनी ऐकलं नसेल असं होणं शक्यच नव्हतं.

जाताना वहिनी माझ्या खाटेपाशी थांबल्या. त्या कधी कुणा परक्या पुरुषाशी एवढं बोलल्या नसाव्यात, पदराचं टोक हातात गुंडाळत होत्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमचं ऐकतात बघा ते. घरात दोन लेकरं आहेत. त्यांना तेवढं सांगा की हो. आकडा काय, नंतर करता येईल.”

मी त्या दिवशी दुपारी मास्तरांना सांगून पाहिलं. आकडा कुठं पळून जात नाही, परत आल्यावर दोघं मिळून पुरा करू, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“गणित अर्धवट टाकून घरी पळणाऱ्या पोरांचा मला राग येतो,” ते म्हणाले. “मी तसा उठणार नाही.” मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला काय वाटतं, तांबट? फुटेल?”

“नाही फुटणार,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

“बरं,” ते म्हणाले, आणि पुढच्या भाजकाखाली रेघ मारली.

सर्जन चार ऑपरेशनं करून गेले. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर चार गाद्या उन्हात पडल्या. चारही. मास्तरांना उठून पाहायची मुभा नव्हती, मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “चार? नीट मोजल्यात?”

पुढचे तीन महिने आम्ही भागत होतो. थंडी पडली, मास्तरांचा खोकला वाढला, तासात चाराऐवजी तीन होऊ लागले, मग मी पाच करू लागलो. पण त्यांचं अक्षर बिघडलं नाही. एकाखाली एक आकडे, रांगेत बसवलेल्या मुलांसारखे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात यादी संपली. एकाही भाजकानं भाग गेला नव्हता. वहीप्रमाणे अकरा एकांची संख्या मूळ होती. मला वाटलं होतं, मास्तर आनंदानं उठून बसतील. त्यांनी वही मिटली, उशाखाली ठेवली आणि सालोमी सिस्टरला हाक मारून संमतीचा कागद मागितला. आम्ही सगळे बघत असताना त्यांनी सही केली.

मार्चमध्ये एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग होता.

डॉक्टर उपासनी त्यांच्या खाटेवर बसले. रोग्याच्या खाटेवर ते कधीच बसत नसत, तेव्हाच कळलं. त्यांनी फार बोलणं वाढवलं नाही. आता टेबल नाही, म्हणाले. घरच्या माणसांना पत्र टाकतो, एप्रिलच्या मध्याला घरी जायला हरकत नाही. घरी जायला हरकत नाही याचा अर्थ आमच्याकडे एकच होता.

आता मला जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

नोव्हेंबरात कॅरम आला तेव्हा माझ्या वाटणीचे वीस-एक भागाकार मी केलेच नव्हते. वीस हजारांपासून चोवीस हजारांपर्यंतचे. म्हणजे सुरुवात खरी केली होती. भागाकाराचे पहिले तीन-चार अंक खरे काढायचे, पुढचे दोन मनानं ठोकून द्यायचे, आणि बाकी अशी शोधायची की ताळा दोन आला पाहिजे. त्याला दोन मिनिटं लागत. पाच दिवसांचं काम मी एका सकाळी बसून लिहून काढलं आणि रोज थोडं थोडं मास्तरांपुढं टाकलं. नवाच्या ताळ्याला एवढंच कळतं की आकडे एकमेकांशी जमतात. ते खरे आहेत की नाहीत हे त्याला कळत नाही. मला तेव्हा ताप होता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ताप नव्हता. कंटाळा आला होता. हजारातल्या वीस संख्यांत काय असणार, असं वाटलं होतं.

डॉक्टर उपासनी उठून गेल्यावर ते वीस भाजक माझ्या डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी मी मास्तर झोपलेत असं पाहून त्यांच्या उशाखालची वही काढली, नकाशाच्या कागदाचा एक तुकडा घेतला आणि बसलो. पहिल्यानं गेला नाही. दुसऱ्यानं गेला नाही. असे सहा-सात झाले, मला हायसं वाटू लागलं. मग आला २१६४९. वहीत मी लिहिलं होतं : भागाकार ५१३२०४, बाकी ७२१४. पहिले चार अंक खरे होते. पाच, एक, तीन, दोन. त्यानंतर मी कॅरम खेळायला गेलो होतो. आता पुढं गेलो. वहीत मी तिथे शून्य लिहिलं होतं, तीन आला. शेवटचा एक खाली घेतला. एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एकेचाळीस. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास नवे किती, ते मी बाजूला मांडलं. एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एकेचाळीस.

बाकी शून्य.

मी तीनदा केलं. मग गुणाकार करून पाहिला. अकरा एक, एकही इकडे तिकडे नाही.

हे मी नोव्हेंबरात केलं असतं तर नोव्हेंबरात निकाल लागला असता. मास्तर डिसेंबरात टेबलावर गेले असते. चारांऐवजी पाच गाद्या गच्चीवर पडल्या असत्या. मला दोन अंक काढायचे राहिले होते, जास्तीत जास्त तीन मिनिटांचं काम.

मी दोन दिवस गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत मास्तरांची खाट हवेसाठी व्हरांड्यात हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो, स्टुलावर बसलो. आधी मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती, ती काही उपयोगी पडली नाही.

“मास्तर,” मी म्हणालो, “नोव्हेंबरमधले माझे वीस भागाकार खोटे होते.”

“बावीस,” ते म्हणाले.

समोरच्या माळावर एक बाई शेण्या गोळा करत होती, तिच्याकडे ते पाहत होते.

“एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जातो,” मी कसंबसं म्हणालो.

“जातो. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस वेळा.” हे त्यांनी वहीशिवाय सांगितलं. मग माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं. “चौदा वर्षं मी वह्या तपासल्यात रे. कंटाळलेलं पोर पहिले अंक नीट काढतं आणि शेपूट मनानं लावतं. ताळाही जुळवतं ते हुशार पोर. तू वही दिलीस त्याच आठवड्यात मी ते बावीस पुन्हा केले. पांघरुणाखाली, सिस्टरला दिसू नये म्हणून.”

“मग बोलला का नाहीत?”

ते बराच वेळ खोकत होते. मी भांडं पुढं धरलं. तोंड पुसून त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात तारीख सांगावी तसा.

“सर्जन यायला पंधरा दिवस राहिले होते. आकडा फुटला म्हटलं असतं तर सही करावी लागली असती. भीती वाटली. तुला विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, म्हणून विचारलं नाही. डिसेंबरात तुला विचारलं, फुटेल का म्हणून. तेव्हा तू बोलतोस की काय, असंही वाटलं. बोलला असतास तर गेलो असतो बहुतेक.”

“आणि नंतरचे? तीन महिने तुम्ही जे भागाकार करत होता ते?”

“ते सगळे खरे. खोटा भागाकार मला येत नाही. यादी संपेपर्यंत भीतीही संपेल असं वाटलं होतं. संपलीही. सही केली तेव्हा खरंच भीती नव्हती, तांबट.”

मला काय वाटलं ते लिहायला हवं. सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. दोष एकट्या माझा नव्हता, म्हणून. ते सुटल्यासारखं वाटणं फार तर अर्धा मिनिट टिकलं असेल, पण त्याची लाज मला अजून वाटते. मग राग आला, त्यांचा. दोन लेकरांचा बाप, आणि फुटलेल्या आकड्यामागे लपून तीन महिने बसला. आणि मग त्यांचे हात दिसले, पांघरुणावर ठेवलेले, पेन्सिलीनं मधलं बोट काळं झालेलं, आणि राग कुणावर धरायचा तेच कळेना.

“अंबूला यातलं काही सांगायचं नाही,” ते म्हणाले. “तिला वाटू दे, काम राहिलं होतं. भावासमोर तेवढी तरी तिची मान वर राहू दे.”

एप्रिलच्या मध्याला बैलगाडीतून त्यांना स्टेशनवर नेलं. वहिनी त्यांच्या डोक्याशी बसल्या होत्या. मास्तरांनी मला हात केला नाही, त्यांना हात उचलवत नव्हता. मेच्या वीस तारखेला ते गेल्याचं पत्रातून कळलं.

माझी छाती गोळ्यांनी बरी झाली. जूनच्या अखेरीला मला घरी सोडलं, आणि घरी जायच्या आधी मी जतला उतरलो. वहिनी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. कपाळ मोकळं होतं, त्यामुळे मी क्षणभर ओळखलंच नाही. आतल्या खोलीतून पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज येत होता. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, शेवटच्या दिवसांबद्दल थोडं सांगितलं. शेवटी शेवटी त्यांना भूक लागायची आणि गिळता यायचं नाही, म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवलं.

“भाऊ, एक विचारू का? तो आकडा फुटला का हो शेवटी?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा तेच, आता बोललो तर काय आणि न बोललो तर काय. मास्तरांचं ऐकायचं मी ठरवून आलो होतो.

“नाही, वहिनी. शेवटपर्यंत फुटला नाही. यादी संपली त्याच दिवशी त्यांनी सही केली.”

त्यांनी डोळे पुसले, पण चेहरा हलका झालेला दिसला. “तेच म्हणत होते मी. हातात घेतलं की पुरं केल्याशिवाय उठायची सवयच नव्हती त्यांना. भिऊन राहायचे नाहीत ते.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “दादा मागच्या परड्यात आहे. दर दोन दिवसांनी येतो नि तेच काढतो. मुलांच्या देखत काढतो. त्याला एवढं सांगाल? तुमच्या तोंडून ऐकलं तर मानेल.”

मी मागं गेलो. नारायणराव गाय बांधत होते. मी कोण ते त्यांनी ओळखलं. मी त्यांना सांगितलं, संख्या मूळ होती, हजार भाजकांपैकी एकानंही भाग गेला नाही, मास्तर खरंच कामासाठी थांबले होते. त्यांनी दाव्याची गाठ मारली, हात झटकले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दुकानदार माणूस, कुणाच्या शब्दावर माल घेणारा नव्हता.

“हजारच्या हजार तपासले? तुम्ही स्वतः?”

“हो,” मी म्हणालो. “एक न् एक.”